दारू उतरते, पण शरीर ती विसरत नाही

तुम्हाला एका खोलीत उभं केलंय. समोर टेबलामागे पांढऱ्या कोटातली दोन-तीन माणसं बसली आहेत. चेहरे कोरे, ना हसणं, ना मान डोलावणं. कॅमेरा सुरू आहे. नोकरीच्या मुलाखतीला आलोय असं समजून पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. मध्येच अडखळून गप्प झालात तर पलीकडून एवढंच ऐकू येतं, "तुमचा वेळ अजून शिल्लक आहे." ते संपलं की १०२२ मधून १३ वजा करत मोठ्याने उलटं मोजत जायचं. १००९, ९९६, ९८३... चुकलात की "चूक. पुन्हा १०२२ पासून."

ही 'ट्रिअर सोशल स्ट्रेस टेस्ट'. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये ती मांडली आणि आज प्रयोगशाळेत ताण निर्माण करायचा तर जगभर हीच पद्धत सर्रास वापरतात. चाचणीच्या आधी आणि नंतर दर काही मिनिटांनी लाळेचा नमुना घेतात. कापसाची लहानशी गुंडाळी तोंडात धरायची, ती भिजली की नळीत टाकायची. त्या लाळेत कॉर्टिसॉल या हार्मोनचं प्रमाण मोजतात. बहुतेक निरोगी माणसांमध्ये ते ताण सुरू झाल्यापासून साधारण अर्ध्या तासात चांगलंच वर जातं आणि पुढच्या तासाभरात पुन्हा खाली येतं.

अनेक वर्षं भरपूर दारू प्यायलेली, पण तीन-चार आठवड्यांपूर्वी पूर्ण थांबलेली माणसं घेतली तर चित्र बदलतं. लोकांसमोर बोलायला लावा किंवा बर्फाच्या पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगा, त्यांचं कॉर्टिसॉल जेवढं चढायला हवं तेवढं चढत नाही. काही अभ्यासांत तर ते मुळातच जास्त असतं आणि ताणानंतर जेमतेम हलतं. रक्तात दारूचा थेंबही नाही. आणि विचारलं तर ही माणसं सांगतात, घाबरल्यासारखं झालं, छाती धडधडली. मनाला ताण जाणवला, पण हार्मोनने त्याची पुरेशी दखल घेतली नाही.

मला या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. आपण दारूच्या परिणामाबद्दल बोलतो ते नशा, उतारा आणि यकृत यांपुरतं. पण आधी प्यायलेली दारू आजच्या ताणाला, आजच्या जंतूला, उद्याच्या ऑपरेशनला शरीर कसं तोंड देणार हे बदलून ठेवते. हा बदल बाहेरून दिसत नाही आणि रक्तातल्या अल्कोहोलच्या तपासणीत तर मुळीच दिसत नाही.

ताणाची साखळी

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. धोका जाणवला की तिथल्या पेशी सीआरएच नावाचं रसायन सोडतात. ते थोडं खाली असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला पोचतं. पिट्युटरी एसीटीएच हे हार्मोन रक्तात सोडते. ते मूत्रपिंडांच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रेनल ग्रंथींपर्यंत जातं आणि तिथून कॉर्टिसॉल बाहेर पडतं. हीच साखळी वैद्यकात 'एचपीए अक्ष' म्हणून ओळखली जाते. सीआरएचचा शोध लावायला शास्त्रज्ञांना पार १९८१ उजाडावं लागलं. अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये वायली व्हेल आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मेंदूतून ते वेगळं केलं.

कॉर्टिसॉल रक्तातली साखर वाढवतं, रक्तदाब टिकवून धरतं. त्याचं तिसरं काम कमी लोकांना माहीत असतं: ते प्रतिकार यंत्रणेला आवरतं. जंतू शिरला की पांढऱ्या पेशी दाह निर्माण करतात, म्हणजे सूज, लाली, ताप. दाह हवाच, पण तो वेळेवर थांबलाही पाहिजे, नाहीतर आपल्याच पेशी त्यात भरडल्या जातात. थांबवायचं काम मोठ्या प्रमाणात कॉर्टिसॉल करतं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसॉलचाच जवळचा भाऊ असलेलं कॉर्टिझोन टोचलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. त्या कामाला १९५० चं नोबेल मिळालं. आज आपण ज्यांना सरसकट 'स्टिरॉइड' म्हणतो त्या औषधांची सुरुवात तिथली.

हे नातं दोन्ही बाजूंनी चालतं. १९८६-८७ मध्ये एकामागून एक आलेल्या शोधनिबंधांनी दाखवलं की पांढऱ्या पेशी सोडतात ते इंटरल्यूकिन-१ हे रसायन थेट मेंदूतली हीच साखळी सुरू करतं. म्हणजे मेंदूच्या लेखी संसर्ग हासुद्धा एक ताणच. जंतू शिरला, पांढऱ्या पेशींनी बातमी दिली, मेंदूने कॉर्टिसॉल सोडायला लावलं, कॉर्टिसॉलने त्या पेशींना सांगितलं, आता पुरे. ताणाची यंत्रणा आणि प्रतिकार यंत्रणा अशा एकमेकींत गुंतल्या असतील, तर एकीत बिघाड झाला की दुसरी सुरक्षित राहील ही अपेक्षाच करता येत नाही.

दारू आधी घंटा वाजवते, मग ती ऐकूच येईनाशी होते

माणसं ताण घालवायला पितात. त्यामुळे दारू स्वतःच शरीराला ताण देते हे पटायला जड जातं. कधीतरी पिणाऱ्याच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे साधारण १०० मिलिग्रॅम अल्कोहोल झालं, म्हणजे चांगलीच चढली, की एसीटीएच आणि कॉर्टिसॉल वाढतात. थोड्या मात्रेत ही वाढ बहुधा दिसत नाही. उंदरांत आणि घुशींत (त्यांच्यात कॉर्टिसॉलऐवजी कॉर्टिकोस्टेरॉन असतं) दारूचा पहिला मोठा डोस हा हार्मोनच्या भाषेत सरळसरळ धोक्याचा इशारा असतो.

पण दारू रोज येऊ लागली तर? 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत गावकऱ्यांचं जे झालं तेच हायपोथॅलॅमसचं होतं. पुन्हा पुन्हा तीच आरोळी ऐकून त्याची धावून जायची ओढ कमी होते. सॉल्क इन्स्टिट्यूटमध्येच कॅथरीन रिव्हिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षं हे तपासलं. प्राण्यांना काही दिवस दारू द्यायची, मग थांबवायचं, शरीरातलं अल्कोहोल पूर्ण निघून जाऊ द्यायचं आणि मग पुन्हा डोस द्यायचा. पूर्वी कधीच दारू न मिळालेल्या प्राण्यांमध्ये एसीटीएच उसळतं. आधी दारू मिळालेल्यांमध्ये ते बरंच कमी चढतं, मधे कित्येक दिवस कोरडे गेले तरी.

इथपर्यंत कुणी म्हणेल, त्यात काय, सवय झाली. खरी चिंतेची गोष्ट पुढची आहे. या गटाने प्राण्यांना बंद पेटीत ठेवून दिवसातले काही तास अल्कोहोलच्या वाफेत श्वास घ्यायला लावला, असं बरेच दिवस. या पद्धतीत प्राण्याला प्यायला भाग पाडावं लागत नाही आणि रक्तातली पातळी हवी तेवढी ठेवता येते. मग त्यांना दारूशी काहीही संबंध नसलेले दोन धोके दिले. एक, पायाला हलका विजेचा झटका. दुसरा, जंतूंच्या आवरणातलं एलपीएस नावाचं विष, जे शरीराला संसर्ग झाल्याचा भास करून देतं. दोन्ही वेळा मेंदूचा प्रतिसाद मंद पडलेला आढळला. म्हणजे हायपोथॅलॅमसला सवय झाली ती फक्त दारूची नव्हे. जंतू आल्याची खरी बातमीही त्याला पूर्वीसारखी पोचेनाशी झाली.

असं का होतं याची काही कारणं हाती आली आहेत. हायपोथॅलॅमसमधल्या पेशी सीआरएच आणि त्याच्या जोडीचं व्हासोप्रेसिन कमी बनवू लागतात. वारंवार चढलेलं कॉर्टिसॉल मेंदूतले त्याचे ग्राहक-रेणू, म्हणजे त्याचा संदेश पकडणारे रिसेप्टर, थकवतं. आणि मुळात अशी साखळी जास्त काळ चढी राहू नये म्हणून शरीराने ठेवलेली उलट सूचना, 'कॉर्टिसॉल पुरेसं आहे, थांबा' ही, आता चुकीच्या वेळी लागू होत राहते.

मग त्या चाचणीतल्या माणसाला एवढी धडधड का? हार्मोन गप्प, तर घबराट कुठून? याचं उत्तर मला या सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात विलक्षण वाटतं. सीआरएच फक्त हायपोथॅलॅमसमध्ये नसतं. भीती आणि अस्वस्थता जिथे घडते त्या अमिग्डला भागातही ते असतं. आणि कॉर्टिसॉल या दोन ठिकाणी नेमकं उलटं वागतं: हायपोथॅलॅमसमध्ये ते सीआरएच दाबतं, अमिग्डलात वाढवतं. दारूने वर्षानुवर्षं कॉर्टिसॉल चढत राहिलं की एकीकडे शरीराचा ताणाला उत्तर द्यायचा भाग बोथट होतो आणि दुसरीकडे मनाचा ताण जाणवणारा भाग जास्त धारदार होतो. दारू थांबली की ही अमिग्डलातली यंत्रणा मोकळी सुटते. चिडचिड, झोप न लागणं, कारण नसताना पोटात गोळा. अमेरिकी संशोधक जॉर्ज कूब यांनी व्यसनाच्या याच बाजूवर सगळी कारकीर्द घालवली. त्यांचं म्हणणं असं की काही काळानंतर माणूस मजेसाठी पीत नाही, ही अस्वस्थता बंद करायला पितो.

"मनाचा निश्चय नाही" असं व्यसनी माणसाला फार सहज म्हटलं जातं. येल विद्यापीठात रजिता सिन्हा यांच्या गटाने उपचार घेऊन नुकत्याच थांबलेल्या माणसांचं कॉर्टिसॉल आणि एसीटीएच मोजलं आणि पुढे कोण पुन्हा पितं ते पाहिलं. एसीटीएचच्या मानाने कॉर्टिसॉल जास्त असलेली माणसं लवकर घसरली. घसरण रक्तात आधीच लिहिलेली होती असं मी म्हणणार नाही, पण निश्चयाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे एकदा वाचावं असं मात्र मनापासून वाटतं.

पांढऱ्या पेशींची बाजू

शिकागोजवळच्या लॉयोला विद्यापीठात १५ निरोगी तरुण स्वयंसेवकांना व्होडकाचे चार-पाच पेग देण्यात आले, म्हणजे एका बैठकीत भरपूर पिणं. त्यांचं रक्त तीन वेळा तपासलं. दारू चांगली चढल्यानंतर वीस मिनिटांनी प्रतिकार यंत्रणा खवळलेली दिसली: पांढऱ्या पेशी वाढलेल्या, दाह घडवणारी रसायनं वाढलेली. मग दोन तासांनी आणि पाच तासांनी पाहिलं तर चित्र पालटलं होतं. मोनोसाइट आणि 'नॅचरल किलर' पेशी (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार) कमी झाल्या होत्या आणि दाह दाबणारं इंटरल्यूकिन-१० वाढलं होतं. पहिली उसळी, मग मंदी. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एवढ्या लहान गटावरून सगळ्या जगाबद्दल बोलता येत नाही, पण दिशा स्पष्ट आहे: भरपूर पिऊन पडून, अपघात होऊन जो रुग्णालयात येतो, त्याला जखमेबरोबर ही मंदीही घेऊन यावं लागतं.

ही पहिली उसळी येते कुठून? बराचसा वाटा आतड्यांचा आहे. आतड्यांच्या भिंतीतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असतात. अल्कोहोल आणि त्यापासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड हे सांधे सैल करतात. आतड्यातल्या जंतूंचे तुकडे, मघाशी उल्लेख केलेलं एलपीएससुद्धा, त्या फटींतून रक्तात शिरतात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात ग्योंगी साबो यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं की निरोगी माणसाने एकदाच भरपूर प्यायली तरी रक्तात हे विष आणि जंतूंचा डीएनए वाढलेला सापडतो. व्यसन असावं लागत नाही, एक रात्र पुरते.

याच विद्यापीठातला आधीचा, २००९ चा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. प्रणोती मांड्रेकर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तातले मोनोसाइट काचेच्या बशीत वाढवले. काहींना एक दिवस अल्कोहोलमध्ये ठेवलं, काहींना सात दिवस. मग दोन्हींना एलपीएस दिलं आणि टीएनएफ, म्हणजे दाह भडकवणारं एक प्रमुख रसायन, किती तयार होतं ते मोजलं. एक दिवसवाल्या पेशींनी टीएनएफ नेहमीपेक्षा कमी सोडलं. सात दिवसवाल्यांनी नेहमीपेक्षा जास्त. पेशी तशाच, अल्कोहोल तेच, जंतूचं विषही तेच. फरक फक्त आधी किती दिवस दारूत घालवले याचा. यामागचा एक रेणूही त्यांनी शोधला, आयआरएके-एम नावाचा. तो पेशीतला दाहाचा संदेश अडवतो. थोड्या वेळच्या अल्कोहोलने तो वाढतो, दीर्घकाळच्या अल्कोहोलने घटतो.

काचेच्या बशीत मेंदू नव्हता, कॉर्टिसॉल नव्हतं, आतडं नव्हतं. तरीही पूर्वीची दारू पेशीच्या वागण्यात उतरली. म्हणजे आठवण एकाच ठिकाणी नाही. ती मेंदूत आहे, पांढऱ्या पेशींत आहे, आतड्याच्या भिंतीत आहे.

आणि मेंदूतल्या प्रतिकार पेशींतही आहे. मायक्रोग्लिया या मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी. उत्तर कॅरोलायना विद्यापीठात फुल्टन क्रूज यांच्या गटाने उंदरांना दहा दिवस रोज दारू दिली आणि मग एलपीएस टोचलं. दारू न मिळालेल्या उंदरांपेक्षा यांच्यात दाहाची रसायनं जास्त चढली, रक्तातही आणि मेंदूतही. शरीरातला दाह लवकर ओसरू लागला, मेंदूतला मात्र बराच जास्त काळ रेंगाळला. एकदा चेतवून ठेवलेल्या मायक्रोग्लिया पुढच्या प्रत्येक संकटाला गरजेपेक्षा मोठं उत्तर देतात. आता अमिग्डलातल्या वाढत्या अस्वस्थतेची बाजू आठवा. मेंदूतला हा रेंगाळणारा दाह तिलाच खतपाणी घालतो असं मानायला बरीच जागा आहे.

कमी आणि जास्त, दोन्ही एकाच वेळी

इथे वाचणाऱ्याचा गोंधळ होतो आणि तो होणं साहजिक आहे. दारूने प्रतिकारशक्ती घटते की दाह वाढतो? दोन्ही होतं. जंतूला पहिल्या काही तासांत गाठून मारायचं काम कमजोर होतं. न्यूट्रोफिल पेशी जागेवर उशिरा पोचतात, फुप्फुसातल्या भक्षक पेशी नीट गिळत नाहीत. त्यामुळे जंतू वाढतो. वाढलेल्या जंतूला मग चेतवलेल्या पेशी नको तेवढा दाह करून उत्तर देतात. आणि तो दाह वेळेवर आवरायला जे कॉर्टिसॉल नेमक्या क्षणी उसळायला हवं, ते उसळत नाही. मूळची पातळी जास्त असली तरी उपयोग होत नाही, कारण रोजच्या चढ्या पातळीला पेशी सरावलेल्या असतात. गरज असते ती योग्य वेळच्या उसळीची.

रुग्णालयात याचा हिशेब दिसतो. १९९६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अतिदक्षता विभागातल्या ३५१ गंभीर रुग्णांचा अभ्यास आला. यांपैकी कुणाची फुप्फुसं पाण्याने भरून निकामी होतात, म्हणजे एआरडीएस होतो, हे पाहायचं होतं. अति मद्यपानाचा इतिहास असलेल्यांत हे प्रमाण ४३ टक्के निघालं, नसलेल्यांत २२ टक्के. जवळपास दुप्पट. दारू फुप्फुसात जात नाही अशी आपली समजूत. पण दीर्घकाळच्या दारूने फुप्फुसाला राखणारं ग्लुटाथायोन आटतं आणि संकट आलं की फुप्फुस उघडं पडतं. क्षयरोगाचंही तसंच: भरपूर पिणाऱ्यांना सक्रिय क्षय होण्याचा धोका इतरांच्या साधारण तिप्पट असतो. न्यूमोनिया आणि दारूचं नातं तर जुन्या डॉक्टरांना जंतूंचं शास्त्र येण्याआधीपासून ठाऊक होतं.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. यातलं सर्वाधिक नुकसान भरपूर आणि दीर्घकाळ पिणाऱ्यांचं आहे. महिन्यातून एकदा घोटभर घेणाऱ्याची हार्मोनची साखळी मोडली असा अर्थ कुणी काढू नये. आणि इंटरनेटवर 'कॉर्टिसॉल कमी करा', 'अ‍ॅड्रेनल थकवा घालवा' म्हणून ज्या गोळ्या आणि पावडरी विकतात, त्यांच्या मागे तर अजिबात लागू नये. कॉर्टिसॉल दिवसभर बदलत असतं. सकाळी उठल्यानंतर अर्ध्या तासाने सगळ्यात जास्त, मध्यरात्रीच्या आसपास सगळ्यात कमी. एका तपासणीच्या आकड्यावरून स्वतःचं निदान करायला गेलात तर फसाल. खुद्द डॉक्टरही फसू शकतात: अति मद्यपानाने कधीकधी गोल चेहरा, पोटावर चरबी, चढलेलं कॉर्टिसॉल असं हुबेहूब कुशिंग आजारासारखं चित्र उभं राहतं. दारू थांबली की काही आठवड्यांत ते विरतं.

जन्माआधी घेतलेला धडा

मोठ्या माणसात आधीच्या दारूने हार्मोनचा प्रतिसाद बोथट होतो. गर्भात असताना दारूशी गाठ पडली तर नेमकं उलटं घडतं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात जोआन वाइनबर्ग यांनी कित्येक दशकं हा एकच प्रश्न लावून धरला. आईला गरोदरपणी दारू मिळालेली पिल्लं मोठी झाल्यावर, स्वतः दारूचा थेंबही न घेता, साध्या ताणालाही जास्त हार्मोन सोडतात आणि ते उतरायला जास्त वेळ लागतो. त्यांच्यात कृत्रिमरीत्या सांध्यांचा दाह घडवला तर तोही जास्त तीव्र होतो आणि बरा व्हायला रेंगाळतो. माणसाच्या बाळांतही, तपासणीसाठी टाचेतून किंवा हातातून रक्त घेताना, आईने गरोदरपणी भरपूर प्यायलेल्या बाळांचं कॉर्टिसॉल जास्त चढल्याच्या नोंदी आहेत.

गर्भातल्या दारूचं नाव काढलं की आपल्याला चेहऱ्याची ठेवण आणि बुद्धीची वाढ एवढंच सुचतं, कारण १९७३ मध्ये अमेरिकेत या विकाराला नाव मिळालं ते त्या लक्षणांवरून. ताणाला आणि जंतूला द्यायचं उत्तरही त्याच नऊ महिन्यांत बिघडतं, हे प्रसूतिपूर्व तपासणीत कुणी सांगताना फारसं आढळत नाही. सांगायला हवं. गरोदरपणी दारूची सुरक्षित मात्रा कुणाला माहीत नाही, म्हणून ती शून्यच ठेवायची.

पौगंडावस्थेतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुन्हा बोथटपणा दिसतो आणि तो प्रौढ झाल्यावरही टिकतो. त्या वयात मेंदूतली ही साखळी अजून जुळत असते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी 'एकदाच' म्हणून भरमसाट पिणाऱ्या मुलांची काळजी मला म्हणूनच यकृतापेक्षा या कारणाने जास्त वाटते.

किती भरून निघतं?

बरंच. आणि तेही वाटतं त्यापेक्षा लवकर.

कॉर्टिसॉलची मूळ पातळी बहुतेकांची दारू थांबवल्यावर काही आठवड्यांत जागेवर येते. ताणाला उसळून उत्तर द्यायची क्षमता त्यापेक्षा हळू परतते. बेल्जियममधल्या लूव्हाँ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्यांचं आतडं तपासलं. सुरुवातीला गळकं असलेलं आतडं तीन आठवड्यांनी जवळपास निरोगी माणसांसारखं झालं होतं. रक्तातली दाहाची काही रसायनं मात्र अजूनही चढलेली होती. म्हणजे शरीराचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या गतीने विसरतात. "महिना झाला सोडून, तरी बरं का वाटत नाही?" असं विचारणाऱ्याला हे सांगण्यासारखं आहे. बरं होणं सुरू झालेलं आहे, सगळं एकदम होणार नाही.

औषधांचा शोधही याच साखळीवर बेतलेला आहे. सीआरएचचा परिणाम अडवणारी औषधं प्राण्यांत छान चालली, पण माणसांवरच्या चाचण्यांत दारूची ओढ कमी करण्यात अपयशी ठरली. ते कळल्यावर अनेकांची निराशा झाली. पण कॉर्टिसॉलचा ग्राहक-रेणू अडवणारं मिफेप्रिस्टोन अमेरिकेतल्या स्क्रिप्स संस्थेत आठवडाभर दिलं, तेव्हा दारूवर अवलंबून असलेल्या ५६ स्वयंसेवकांच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांची ओढ कमी झाली आणि पिणंही घटलं. ही २०१५ ची गोष्ट. अजून ते व्यसनाचं रूढ औषध झालेलं नाही.

पण माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा पुरावा डेन्मार्कमधून आला. हान्ने टॉनेसेन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ४२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. सगळे मोठ्या आतड्याच्या ठरलेल्या ऑपरेशनसाठी आलेले, सगळे रोज भरपूर पिणारे, यकृताचा आजार कुणालाच नाही. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाने ऑपरेशनआधी महिनाभर देखरेखीखाली दारू पूर्ण बंद ठेवली, दुसरा नेहमीसारखा पीत राहिला. ऑपरेशननंतर गुंतागुंत झाली ती पिणाऱ्यांपैकी ७४ टक्क्यांना, थांबलेल्यांपैकी ३१ टक्क्यांना. थांबलेल्यांमध्ये ऑपरेशनच्या ताणाला शरीराचं उत्तरही सौम्य होतं. वर्षानुवर्षांच्या सवयीपुढे फक्त एक महिना.

म्हणून ऑपरेशन ठरलं असेल आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांनी "दारू घेता का?" असं विचारलं, तर "आता नाही" एवढ्यावर थांबू नका. किती घेत होता, किती वर्षं, शेवटची कधी, हे सगळं सांगा. घरचे बसले असतील तर त्यांना बाहेर थांबायला सांगायचा तुम्हाला हक्क आहे. न्यूमोनिया, क्षय किंवा न उतरणारा ताप घेऊन गेलात तरी हेच. डॉक्टरांना तुमची लाज नको आहे, तुमचं शरीर संकटाला काय उत्तर देईल याचा अंदाज हवा आहे.

आणि रोज भरपूर पिणाऱ्याने हे वाचून उद्या सकाळपासून एकदम बंद करू नये. दारूवर अवलंबून असलेलं शरीर ती अचानक तुटली की हादरतं: हात थरथरणं, घाम, भास, झटके, आणि डिलिरियम ट्रेमेन्स नावाची स्थिती, जिच्यात उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. हे बहुधा पहिल्या दोन ते चार दिवसांत घडतं. ते टाळण्याची औषधं आहेत, चांगली आहेत. आधी डॉक्टरांना भेटायचं, मग दारू थांबवायची.